कच्ची किटली

भट्टीवाल्या बाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं.

पत्र लहानसं होतं. वहीच्या फाडलेल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं, कोपऱ्यात मातीचं बोट उमटलेलं. "मास्तर," बाईंनी लिहिलं होतं, "तुमच्या लेकीची किटली माझ्या फळीवर आहे. वाळून खडखडीत झाली. आमच्याकडची रीत ती तुम्हाला बोलली असेल. ज्याचं कच्चं भांडं त्यानंच उचलून भट्टीपाशी आणायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. ती तर आता यायची नाही. म्हणून तुम्हाला विचारते, भाजू का राहू देऊ? जे असेल ते लिहून कळवा. मला ऐकू येत नाही, फोन नको."

लेक जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. घरात अजून भेटायला येणाऱ्यांच्या चपला दारात असायच्या. पत्र वाचून मी पहिलं काय केलं असेल, तर त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका मनातल्या मनात दुरुस्त केल्या. जन्मभर वह्या तपासल्या की माणसाचं असं होतं. मग घडी घालून ते चष्म्याच्या डबीत ठेवलं, म्हणजे रोज नजरेला पडेल आणि विसरायला होणार नाही. रोज पडायचंच.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. पोरं माझ्यामागे मला लिटमस म्हणायची, कारण कुणी काही विचारलं की मी लाल व्हायचो. ही म्हणजे माझी बायको, तिला हे नाव लेकीनंच घरी येऊन सांगितलं. त्या दोघी स्वयंपाकघरात पोट धरधरून हसल्या होत्या, आणि मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राआड लाल झालो होतो.

लेकीला घरात आम्ही मापटं म्हणायचो. बुटकी, गोल, आणि हातात येईल त्यात काहीतरी भरून ओतायची खोड. आठवीत ती माझ्याच वर्गात आली. आठवीला भौतिक आणि रासायनिक बदल असा धडा असतो. मी तो इतक्या वर्षांत इतक्यांदा शिकवला होता की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी फळ्यावर मधोमध रेघ मारून दोन रकाने केले असते. इकडे बर्फाचं पाणी, तिकडे जळलेला कागद. इकडे वाकवलेली तार, तिकडे गंजलेला खिळा. मग मी लिहून द्यायचो: भौतिक बदलात नवा पदार्थ तयार होत नाही, आणि तो बदल उलटवता येतो. रासायनिक बदलात मूळ पदार्थ नाहीसा होतो, आणि तो परत मिळत नाही.

मापट्यानं हात वर केला. शाळेत ती मला सर म्हणायची, आणि ते म्हणताना तिच्या गालात हसू असायचं.

"सर, कागद फाडला तर कुठल्या रकान्यात?"

मी म्हणालो, भौतिक. कागद कागदच राहतो.

"मग तो उलटवून दाखवा ना."

वर्ग हसला. मी अर्थातच लाल झालो. थोडा वेळ खडू हातात फिरवला आणि सगळ्यांना सांगितलं की 'उलटवता येतो' याच्या आधी 'सहसा' असा शब्द घालून घ्या. घरी आल्यावर तिनं मला वही दाखवली. 'सहसा' तिनं लाल शाईनं लिहिला होता, आम्ही मास्तर चुका दाखवतो तसा.

पुढे ती रसायनच शिकली. रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत चांगल्या नोकरीला होती. एक दिवस ती नोकरी सोडून भट्टीवाल्या बाईंकडे जायला लागली. मला वाईट वाटलं, पण बोललो नाही. बोलण्याचं काम आमच्या घरात हीच करते. ही म्हणाली, एवढी शिकलीसवरलीस आणि शेवटी माती खाल्लीस. मापटं म्हणालं, "खाल्लीच आहे तर नीट चावून खाते, आई. तू काळजी करू नकोस."

बाईंचा कारखाना म्हणजे गॅरेजांच्या रांगेच्या मागे पत्र्याची एक लांब खोली. अलीकडे सायकल दुरुस्तीवाला, पलीकडे लाकडाची वखार. आत शिरलं की आधी गारवा लागायचा आणि मग ओल्या भिंतीसारखा वास यायचा. मी एकदाच गेलो होतो, म्हणजे लेक असताना. तिनं मला सगळं फिरून दाखवलं. पाहुण्याला दाखवतात तसं नाही, पेपर तपासून घ्यायला आल्यासारखं. ही बरणी चाकावरून आत्ता उतरलेली, अजून ओली. ही चामड्याइतकी घट्ट झालेली, आता हिला कान जोडायचा. कपाला, किटलीला धरायला असतो तो कान. आणि ही पांढुरकी, पूर्ण वाळलेली.

"इथपर्यंत सगळं तुमचं भौतिक," ती म्हणाली. "नुसतं पाणी उडून गेलंय. आवडलं नाही तर त्या पिंपात टाकायचं, उद्या परत माती. इथे चुका वाया जात नाहीत, बाबा. आणि ती भट्टी. तिथून पुढे रासायनिक."

भट्टीच्या दाराशी पाण्यानं भरलेला एक डबा होता आणि त्यात भाजलेल्या भांड्याचा एक तुकडा. बाईंनी तो नवशिक्यांसाठी वर्षानुवर्षं पाण्यात ठेवला होता. मी काढून नखानं ओरखडून बघितला. जसाच्या तसा. मला ते ठाऊक होतं, म्हणजे पुस्तकातून. वाळलेल्या मातीतलंही सगळं पाणी गेलेलं नसतं, काही पाणी मातीच्या कणाकणात बांधलेलं असतं, ते आगीतच सुटतं, आणि एकदा सुटलं की ती माती पुन्हा पाण्यात विरत नाही. मी तिला विचारलं, किती अंशांना हे होतं. ती म्हणाली, सर, परीक्षा नको.

किटली तिनं त्यानंतर काही महिन्यांनी केली. आईसाठी करतेय असं घरी सांगितलं होतं. आमची जुनी किटली तोंडातून गळायची आणि ही रोज सकाळी तिला शिव्या घालायची. मापट्यानं चार किटल्या पिंपात टाकल्या आणि पाचवी फळीवर ठेवली. "आता वाळू दे, मग भाजते," म्हणाली. संध्याकाळी घरी आली ती कणकण घेऊन. साधा ताप, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. दवाखान्यात शेवटी तिला कुणी ओळखू येईना, त्या दिवशी ही तिच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती आणि मी बाहेर बाकावर कुणीतरी टाकून दिलेलं मासिक वाचत होतो. कशाबद्दल होतं ते आठवत नाही. वाचत होतो, एवढं आठवतं.

तर उत्तर. लिहायला मी किती वेळा बसलो असेन. 'भाजा' लिहायचो आणि हात थांबायचा. 'राहू द्या' लिहिलं की ते तर त्याहून वेडेपणाचं दिसायचं. सांगायला लाज वाटते, पण मनातल्या मनात मी एक हिशेब मांडून ठेवला होता. किटली कच्ची आहे तोवर अजून काही झालेलं नाही. नुसतं पाणी उडून गेलंय. काम अर्धं टाकून गेलेलं माणूस, ते पुरं करायला परत येतं. मी शास्त्राचा माणूस. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण विश्वास नसला तरी त्या धरून बसता येतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

ही सुरुवातीला रोज विचारायची, बाईंना कळवलंत का. जेवताना, झोपताना. मी म्हणायचो, लिहितो. मग ती आठवड्यातून कधीतरी विचारायला लागली. मग विचारीनाशी झाली. तिनं विचारणं सोडलं तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग कितीतरी दिवसांनी, भाजी चिरताना तिची मान खाली होती ती बघून लक्षात आलं की ते सुटणं नव्हतं.

काही वर्षं अशीच गेली. मग बाईंचं दुसरं पत्र आलं, पोस्टकार्डच. गुडघे संपले, जागेचा मालक पत्रे उतरवणार, भाचीकडे राहायला जाते आहे. भट्टी आता एकदाच लावीन. तुमच्या किटलीचं काय ते सांगा, नाहीतर येऊन घेऊन जा.

मी हिला म्हणालो, आपण जाऊन घरी घेऊन येऊ. बुटांचं एक खोकं शोधलं, त्यात कापूस भरला, वर मऊ कापडाचे तुकडे. काचेच्या कपाटातला वरचा कप्पा रिकामा केला. इतकी वर्षं एक ओळ लिहिता न येणारा मी, खोकं भरायला मात्र फार हुशारीनं लागलो होतो. ही बघत होती. बाहेर पडताना तिनं धुतलेला पांढरा रुमाल घेतला, नेहमी घेते तसा.

बाई म्हाताऱ्या झाल्या होत्या. बोलताना पहिल्यासारख्याच तडतडत होत्या, पण ऐकू आता काहीच येत नव्हतं. टेबलावर ओल्या मातीची एक सपाट पाटी थापून ठेवलेली होती, शेजारी बांबूची काडी आणि पाण्याचा वाडगा. बाईंशी बोलायचं तर काडीनं पाटीवर लिहायचं, बाई वाचायच्या, ओलं बोट फिरवून ते पुसून टाकायच्या आणि तोंडानं उत्तर द्यायच्या. मला ही पद्धत फार आवडली असती, दुसरा कुठला दिवस असता तर.

"आलात?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं पोस्टमननं माझं पत्र गिळलं."

मी पाटीवर 'माफ करा' लिहिलं. बाईंनी ते अंगठ्यानं सपाट केलं.

"माफीचं राहू दे. किटलीचं बोला."

किटली कोपऱ्यातल्या फळीवर एकटीच होती. बाकीच्या फळ्या उतरवून झाल्या होत्या. राखाडी, धुळीनं मऊ दिसणारी, तोंड थोडं वर उचललेलं. मापटं बोलताना हनुवटी वर करायचं तसं, असं मला वाटलं, पण असं मला आजकाल पुष्कळ वस्तूंकडे बघून वाटतं. मी जवळ गेलो. कान जिथे पोटाला जोडला होता तिथे एक खळगा होता, आणि खळग्यात अंगठ्याच्या रेषा. धुळीतूनही दिसत होत्या. बारीक, गोल, एकीत एक. हिनं किटली बघितली. खळग्याकडे तिचं लक्ष गेलं नाही. चष्मा तिनं बसमध्येच काढून पिशवीत टाकला होता.

तिनं हात पुढे केला आणि थांबली. तिला रीत माहीत होती.

"तुम्ही आई ना?" बाई म्हणाल्या. "तुम्ही लावा हात. तुम्हाला कोण अडवणार."

मग बाई माझ्याकडे वळल्या. मी काडी घेऊन लिहायला लागलो. 'कच्चीच घरी नेतो.' माझं अक्षर वर्गातल्या फळ्यासारखं, सावकाश, शिरोरेघेसकट. बाईंनी ते वाचलं, पुसलं, म्हणाल्या, नेऊन करणार काय? मी लिहिलं, काचेच्या कपाटात ठेवू. बाई म्हणाल्या की कच्च्याला दमट हवाही पुरते, कडा आधी झडतात, मग कान गळतो. मी लिहायला लागलो की हवा लागू नये म्हणून कपाटाच्या फटी बुजवता येतील, आणि ओल शोषायला आत अमुक एक पावडर ठेवता येईल. पावडरचं नाव लांबलचक आहे. मी ते पुरं लिहीत होतो. बाई खाली वाकून एकेक अक्षर वाचत होत्या.

कडेनं मला दिसलं की हिनं रुमालाचं टोक वाडग्यात बुडवून पिळलंय. मापटं जेवून उठलं की ती याच पद्धतीनं त्याचं तोंड पुसायची. एक हात डोक्यामागे, एका हातात ओलं टोक. आत्ताही तिनं डावा हात किटलीच्या मागे धरला होता. तिनं झाकण पुसलं. तोंड पुसलं. मग कानाशी आली. खळग्यात धूळ जास्त साठलेली असणार. तिथे तिनं टोकाची घडी करून, बोट घालून, गोल गोल फिरवून पुसलं.

मला ओरडायचं होतं. माझा आवाज नेहमी उशिरा येतो. "अगं," एवढंच निघालं, तेही झाल्यावर.

तिनं रुमाल उघडून बघितला. पांढऱ्या कापडावर राखाडी चिखल.

"ही धूळ नाही," ती म्हणाली.

बाईंनी मान वर केली. एका नजरेत त्यांना समजलं. त्या उठल्या, टेबल धरत धरत फळीपर्यंत आल्या आणि किटलीकडे बघत राहिल्या. कानाखालची जागा ओली, काळपट, गुळगुळीत झाली होती. नुकती चाकावरून उतरल्यासारखी.

"इथे काय होतं?" हिनं मला विचारलं.

मी हातातली काडी खाली ठेवली. तिनं बाईंच्या तोंडाकडे बघितलं. बाईंना शब्द ऐकू आला नसेल, पण प्रश्न दिसला.

"अंगठा होता तिचा," बाई म्हणाल्या. "कान जोडताना दाबतात ना, तो."

ही खाली बसली. स्टूल नव्हतं तिथे, मातीच्या पोत्यावर बसली. रडली नाही. रुमाल मात्र तिनं दोन्ही हातांत असा धरला होता की जणू त्यातून काही सांडेल.

बाई तिला रागावल्या नाहीत. त्यांनी मला कोरड्या आवाजात सांगितलं की किटलीनं पाणी प्यायलंय, आता ती नेताही येणार नाही, खोक्यात कोपऱ्याशी दबेल. आणि अशी ओली भट्टीत गेली तर आतली वाफ तिला फोडेल. पुन्हा वाळायला हवी. शेवटची भट्टी पुढच्या आठवड्यात आहे, तोवर वाळेल. "घरी जा," त्या म्हणाल्या. "दोघं मिळून ठरवा आणि लिहून पाठवा. इथे पाटीवर नको, पाटीवरचं मी पुसते. आणि भाजायची असेल तर उचलायला कुणीतरी या. मी हात लावणार नाही, शेवटची भट्टी झाली तरी रीत ती रीत." मग त्यांनी झाकण उचलायला मला खूण केली. मी भीत भीत उचललं. "आत बघा. आतून चाकावरची बोटं आहेत तशीच आहेत."

आत खालपासून वरपर्यंत बोटांचे वळसे होते. मी हिला हाक मारली. ती उठली नाही.

बसमध्ये रिकामं खोकं माझ्या मांडीवर होतं. मी काय विचार करत होतो ते लिहितो, कारण दुसरं कुणी ऐकून घेणार नाही. वर्गात असतो तर मी सांगितलं असतं की काहीही नाहीसं झालेलं नाही. रुमालावरची माती आणि किटलीची माती एकत्र तोलली तर आधीइतकीच भरेल. नवा पदार्थ तयार झालेला नाही. आग नाही, धूर नाही, रंग बदललेला नाही. आठवीतला कुठलाही मुलगा हा बदल बरोबर रकान्यात टाकेल आणि मी त्याला पूर्ण गुण देईन.

घरी आल्यावर हिनं दिवा लावला नाही. रुमाल जेवणाच्या टेबलावर पसरला. माती वाळत आली होती, कडांना पांढुरकी पडत होती.

"तुम्ही शास्त्रवाले," ती म्हणाली. "हे परत येतं का?"

"नाही."

"का नाही? आग नाही लागली त्याला. नुसतं पाणी लागलं."

"नुसतं पाणी लागलं," मी म्हणालो. "तरी नाही."

तिनं रुमालाची एक कड सरळ केली. मग म्हणाली, "तुम्ही तिला कच्ची ठेवलीत, ती आहे तशी राहावी म्हणून ना?"

मी हो म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच कुणालातरी ते मोठ्यानं सांगत होतो, आणि ऐकायला ते फार लहान वाटलं.

"मला कधी विचारलंत? रोज मी विचारत होते, उत्तर दिलंत का, उत्तर दिलंत का. एकदा तरी उलटून विचारायचं, तुला काय हवंय."

मी तेव्हा विचारलं. अंधार होता म्हणून विचारता आलं असेल.

"मला तिच्यातून चहा ओतायचा होता," ती म्हणाली. "माझ्यासाठी केली होती ना तिनं? कपाटात ठेवायला नव्हती केली. गळते का नाही ते बघायचं होतं मला. गळली असती तर शिव्या दिल्या असत्या." आणि मग तिचा आवाज गेला. ती रडायला लागली, इतक्या वर्षांचं, टेबलावर डोकं ठेवून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही, आणि पुस्तकात सापडलेलं नाही. म्हणून नुसता हात ठेवला.

ती शांत झाल्यावर मी दिवा लावला आणि कागद घेतला. मी रासायनिक बदल शिकवताना नेहमी आवाज जरा खाली आणत असे. मूळ पदार्थ नाहीसा होतो, तो परत मिळत नाही. मुलांना वाटायचं, हा वाईट बदल. मलाही तसंच वाटत आलं असावं. आणि आता माझ्यासमोर दोनच गोष्टी होत्या. एकीत ती माती कधीही परत माती होऊ शकत होती, ओल्या रुमालानंसुद्धा. दुसरीत ती कधीच परत माती होणार नव्हती, आणि म्हणूनच आतले ते वळसे राहणार होते. त्यातही खात्री नव्हतीच. कान तडकू शकतो, झाकण वाकडं होऊ शकतं, अख्खी किटली फुटू शकते.

मी लिहिलं: "बाई, भाजा." पुढे लिहिलं: "भट्टीपर्यंत तिची आई उचलून आणेल." आणि वाचून दाखवलं.

"माझ्या हातांचं नाव घालू नका," ती म्हणाली. "खोडा ते."

"मग मी उचलू? वर्गात मी किती परीक्षानळ्या फोडल्या ते शिपायाला विचार."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि थांबलं.

"फुटली तर?"

"फुटली तर फुटली."

"म्हणवतं तुम्हाला असं?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं रुमालाकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे, उलटेसुलटे करून. भाजी घ्यायच्या आधी बघते तसे तिनं ते बघितले.

"खोडू नका," ती म्हणाली. "असू दे. माझं नाव असू दे."

खाली मी दोघांच्या वतीनं सही केली. ती म्हणाली की माझी मी करते, आणि माझ्या सहीखाली तिनं 'आई' असं लिहिलं. पाकिटावर पत्ता घालताना माझ्याकडून पिनकोड खाडाखोडीचा झाला. तिनं दुसरं पाकीट आणून दिलं.

सकाळी आम्ही दोघं निघालो. पोस्टाची पेटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, किराणा दुकानाच्या भिंतीला आहे. दुकानदार फळ्या उघडत होता. एवढ्या लवकर दोघं कुठे, असं त्यानं विचारलं, आणि हिनं सांगितलं की पत्र टाकायचंय. मी पाकीट फटीत अर्धं सरकवलं. मग माझी बोटं ते सोडीनात. दुकानदार बघत होता, मी लाल होत होतो, आणि पाकीट अर्धं आत, अर्धं बाहेर.

हिनं घाई केली नाही. शेजारी उभी राहिली, रस्त्याकडे बघत, बस यायची वाट बघावी तशी. बऱ्याच वेळानं म्हणाली, "टाका आता."

मी टाकलं.